सेवाग्रामची वाट आणि एक अपुरा तपास

वर्ध्यास जाणारे यात्रिक तेथून हातसुताचा एखादा पंचा आणि मनाची थोडी शांतता घेऊन परततात, असा सामान्य अनुभव आहे. आम्ही गेल्या मार्गशीर्षात तेथे चार दिवस काढले ते मात्र एका खुनाचा माग काढीत. खून दिल्लीस झाला, खटला लाल किल्ल्यात चालला, अपील सिमल्यास ऐकले गेले आणि फाशी अंबाल्यास झाली. मग त्याचा माग काढावयास विदर्भातील या कापसाच्या गावी येण्याचे कारण काय, असे कोणीही विचारील. कारण इतकेच की, महात्मा गांधींच्या मारेकऱ्यांच्या वर्तुळातील एका मंडळीची आणि गांधीजींची समोरासमोर गाठ पडण्याचा एक प्रसंग ३० जानेवारी १९४८ च्या जवळजवळ साडेतीन वर्षे आधी सेवाग्रामच्या रस्त्यावर येऊन ठेपला होता, आणि त्या प्रसंगाचा नीट उलगडा आजतागायत झालेला नाही.

वर्धा जिल्ह्यात रक्त सांडलेच नाही असे नव्हे. याच जिल्ह्यातील आष्टी येथे १६ ऑगस्ट १९४२ रोजी, ऐन नागपंचमीस, जमाव आणि पोलीस समोरासमोर आले व दोहोंकडची माणसे प्राणास मुकली. पण तो उठाव होता, भर दिवसा व शेकडो लोकांदेखत झालेला. आम्हांस ज्याचा शोध घ्यावयाचा होता ते प्रकरण अगदी निराळ्या जातीचे आहे. त्यात कोणी मेले नाही, कोणास खरचटलेही नाही.

गावातून सेवाग्रामकडे जाणारा रस्ता सुमारे ८ किलोमीटरांचा आहे. आता तो गुळगुळीत झाला असून वाटेत वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारती व विद्यार्थ्यांच्या दुचाकींची गर्दी लागते. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी येथे राहावयास आले तेव्हा गावाचे नाव सेगाव होते. वऱ्हाडातल्या शेगावाशी घोटाळा होऊन पत्रे भलतीकडे जाऊ लागली म्हणून १९४० मध्ये 'सेवाग्राम' हे नाव पडले. आश्रमात शिरताच आदि निवास, मग बापू कुटी व बा कुटी. कुडाच्या भिंती, वर कौले, शेणाने सारवलेली जमीन. खेड्यात मिळेल त्याच सामानाने बांधावे आणि खर्च बेताचा ठेवावा असा मूळ दंडक होता. आमच्या कुटुंबाने बा कुटी पाहून एवढेच म्हटले की, "एवढ्याशा जागेत त्या माउलीने किती पाहुण्यांचे केले असेल!" आम्ही मनात तारखा जुळवीत होतो. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी आगाखान महालातील बंदिवासात वारल्या. त्याच वर्षी ६ मे रोजी गांधीजी सुटले आणि ऑगस्टात सेवाग्रामास परतले, तेव्हा ही कुटी रिकामीच होती.

बापू कुटीत व्हाइसरॉयच्या सोयीकरिता बसविलेला टेलिफोन आहे, आणि साप धरून दूर सोडून देण्यासाठी केलेला पिंजराही आहे. पाहणारी मुले त्या पिंजऱ्यापाशीच अधिक रेंगाळतात. आमचे लक्ष टेलिफोनाकडे होते. पुढे सांगावयाच्या हकिकतीत पोलीस अधिकाऱ्याच्या एका टेलिफोनचा संबंध आहे.

१९४४ च्या सप्टेंबरात गांधीजी मुंबईस बॅरिस्टर जीनांच्या भेटीस निघणार होते. या वाटाघाटी ९ ते २७ सप्टेंबर अशा जीनांच्या मलबार हिलवरील घरी झाल्या व निष्फळ ठरल्या, हे सर्वश्रुत आहे. पाकिस्तानच्या मागणीवर बोलणे होणार या कल्पनेनेच पुष्कळ हिंदुत्वनिष्ठ तरुण संतप्त झाले होते. त्यांतील एक तुकडी सेवाग्रामी येऊन निरोधनास बसली; गांधीजींना आश्रमाबाहेर पडू द्यावयाचे नाही, प्रसंगी बळाचाही उपयोग करावयाचा, असा त्यांचा निर्धार होता. पोलीस सुपरिंटेंडेंटाने टेलिफोनवरून कळविले की, या मंडळींचे लक्षण ठीक दिसत नाही. त्यावर गांधीजींनी काढलेला तोडगा त्यांच्या स्वभावास धरूनच होता. मोटारीत बसावयाचे नाही. एकट्याने त्या तरुणांमध्ये जावयाचे आणि त्यांच्याबरोबर पायी वर्ध्याची वाट धरावयाची. त्यांचे मन पालटून त्यांनीच 'मोटारीत बसा' म्हटले तरच बसावयाचे. पंचाहत्तरीस टेकलेला, नुकताच आजारातून उठलेला हा वृद्ध गृहस्थ ८ किलोमीटर चालणार होता, तेही आपल्यावर खवळलेल्या माणसांच्या घोळक्यातून. प्रत्यक्षात ते घडले नाही. निघण्याच्या थोडे आधी पोलिसांनी निरोधकांना रीतसर सूचना देऊन अटक केली.

झडतीत तुकडीचे म्होरके थत्ते यांच्याजवळ एक मोठा सुरा सापडला. मोटारीचे टायर फाडण्यासाठी तो आणला होता, असा त्यांचा खुलासा नोंदलेला आहे. गांधीजींचे सचिव प्यारेलाल यांनी सर तेजबहादुर सप्रू यांना पत्राने ही हकिकत कळविली. खुनानंतर लिहिलेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी आणखी एक गोष्ट घातली आहे. पकडणारा अधिकारी म्होरक्याला थट्टेने म्हणाला की, चला, तुम्ही हुतात्मे तर झालात. त्यावर उत्तर मिळाले की, ते आमच्यापैकी कोणी गांधींना मारील तेव्हा. मग हे काम पुढाऱ्यांवरच का सोपवीत नाही, असे अधिकाऱ्याने पुन्हा विचारताच म्होरक्याने सांगितले की, पुढाऱ्याने यावे एवढा मान गांधींना कशाला. हा आमचा जमादार पुरेसा आहे. हा 'जमादार' म्हणजे नथुराम विनायक गोडसे, असे प्यारेलाल म्हणतात.

वाचताना अंगावर काटा येतो खरा. पण आयुष्यभर मुलांना 'हे कशावरून?' असे विचारीत आलेल्या माणसाने येथे थांबले पाहिजे. सुऱ्याची बाब पोलिसांच्या झडतीतील आहे, आणि तिच्याविषयी आम्हांस शंका वाटत नाही. टायर फाडावयास सुरा हा खुलासा आम्हांस पटत नाही, पण तो अशक्यही नाही. मोटार अडविण्याचा तोही एक मार्ग होय. जमादाराच्या नावाची गोष्ट मात्र वेगळी आहे. तोपर्यंत गोडसे हे नाव जगाच्या तोंडी झाले होते, आणि मागाहून कळलेला चेहरा आधीच्या घोळक्यात बसविण्याची खोड स्मृतीला असते. न्यायशास्त्रात आप्तवाक्य हे प्रमाण मानले आहे. प्यारेलाल आप्त होते, सत्यवचनी होते, यात शंका नाही. परंतु आप्तानेही स्वतः पाहिलेले आणि इतरांकडून ऐकलेले यांत भेद राहतोच. आमचे मत असे झाले की, सेवाग्रामच्या त्या सकाळी खुनाचा बेत होता असे म्हणता येणार नाही. खुनाची भाषा मात्र होती, आणि ती पोलिसांसमोर मोकळेपणाने बोलली जात होती. ऐकणाऱ्यांनी ती थट्टा म्हणून सोडून दिली.

ही भाषा वर्ध्यास प्रथम उमटली असेही नाही. २५ जून १९३४ रोजी पुण्यात नगरपालिकेचे मानपत्र घ्यावयास गांधीजी जात असताना पुढच्या मोटारीवर बाँब पडला. त्यांची मोटार काही मिनिटे मागे राहिल्याने ते वाचले. इतर माणसे जखमी झाली. बाँब टाकणारा कोण, हे आजपर्यंत कळलेले नाही. जुलै १९४४ मध्ये पाचगणीस तरुणांनी त्यांच्यासमोर घोषणा देऊन गोंधळ केला. तेथे सुरा उगारला गेल्याचे सांगतात, पण ते पुराव्याने शाबीत झालेले नाही. २९ जून १९४६ च्या रात्री नेरळ व कर्जत यांच्या दरम्यान रुळांवर दगड ठेवलेले आढळले आणि त्यांची खास गाडी इंजिनचालकाच्या दक्षतेमुळे बचावली. दगड ठेवणारे सापडले नाहीत. मालगाड्या लुटणाऱ्यांचे ते काम असावे असाही तर्क पुढे आला. थोडक्यात सांगावयाचे तर बारा वर्षांतील या प्रसंगांपैकी एकाचाही तपास शेवटास गेला नाही.

या सर्वांवर कळस झाला तो जानेवारी १९४८ मध्ये. २० तारखेस बिर्ला भवनात स्फोट झाला आणि मदनलाल पाहवा जागच्या जागी पकडला गेला. आपल्या साथीदारांपैकी एक जण पुण्याच्या एका मराठी वृत्तपत्राचा संपादक आहे, असा धागा त्याच्या जबानीतून पोलिसांच्या हाती आला होता. त्या पत्राचे नाव आधी 'अग्रणी' व मागाहून 'हिंदुराष्ट्र'. संपादक गोडसे, व्यवस्थापक नारायण आपटे. पुण्यातील कोणत्याही वृत्तपत्रविक्रेत्याने ही नावे घटकेत सांगितली असती. मुंबईस रुइया महाविद्यालयातील प्राकृताचे विद्वान प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनीही मदनलालकडून ऐकलेले सारे स्फोटाच्या दुसऱ्याच दिवशी मुंबई सरकारच्या कानी घातले. पुणे विभागाचे एक वरिष्ठ पोलीस अधिकारी त्या वेळी दिल्लीतच होते. मदनलालची जबानी घेऊन ते परत निघाले ते विमानाने नव्हे, आगगाडीने, आणि तेही अलाहाबादवरून वळसा घेऊन! दहा दिवस असे गेले. ते कपटाने गेले की आळसाने, याचा वाद अजून चालू आहे. आळसाची शक्ती लोक समजतात त्यापेक्षा फार मोठी असते, एवढे आम्ही शाळाखात्यात अनुभवले आहे.

आपटे हे आमच्याच पेशातले. अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) मिशन शाळेत ते शिक्षक होते, मुलांचे आवडते होते म्हणतात. त्यांचे नाव वाचले की आम्हांस नेहमी चमकल्यासारखे होते.

खटल्यात आरोपी बारा. पैकी नऊ जण न्यायालयापुढे आणले गेले आणि गंगाधर दंडवते, गंगाधर जाधव व सूर्यदेव शर्मा हे तिघे ग्वाल्हेरकडील आरोपी फरारी म्हणून नोंदले गेले. ज्या पिस्तुलाने खून झाला ते बेरेटा जातीचे, क्रमांक ६०६८२४, ग्वाल्हेरहून आले असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे. ते मिळवून देण्याचा आरोप ज्यांच्यावर होता त्या डॉ. दत्तात्रय सदाशिव परचुरे यांनी आपला कबुलीजबाब नंतर नाकारला, आणि २१ जून १९४९ रोजी पंजाब उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. तेव्हा न्यायाच्या दृष्टीने पाहता, त्या शतकातील सर्वांत गाजलेल्या खुनाचे हत्यार मारेकऱ्याच्या हाती कोणी दिले हा प्रश्न अनुत्तरितच आहे. १९६४ मध्ये शिक्षा भोगून सुटलेल्यांच्या सत्काराच्या निमित्ताने पुण्यात पुन्हा हलकल्लोळ झाला, आणि त्यातून न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्या आयोगाचे काम उभे राहिले. आयोगाने १०१ साक्षीदार तपासले, ४०७ कागद पाहिले, वर्ध्याचा प्रसंगही उकरला व १९६९ मध्ये अहवाल दिला. सावरकरांना न्यायालयाने पुराव्याअभावी दोषमुक्त केले होते. आयोगाने त्यांच्या व त्यांच्या वर्तुळाच्या संबंधात प्रतिकूल मत व्यक्त केले, पण तोवर सावरकर हयात नव्हते आणि आयोग म्हणजे न्यायालय नव्हे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'चौथ्या गोळी'च्या तर्कावर फेरतपास मागणारा अर्ज फेटाळला, तेथे कायद्याची वाट संपली.

परचुरे या आडनावावरून आम्ही पुन्हा आश्रमात येतो. बापू कुटीपासून थोड्या अंतरावर परचुरे कुटी आहे. हे परचुरे म्हणजे संस्कृताचे व्युत्पन्न शास्त्री. येरवड्याच्या तुरुंगापासून गांधीजींचा व त्यांचा परिचय. महारोगाने अंग झडू लागले, घरादाराने दार लावले, तेव्हा ते १९३९ मध्ये मरावयास म्हणून सेवाग्रामी आले. गांधीजींनी त्यांना राहावयास कुटी दिली, आणि रोज स्वतःच्या हाताने त्यांचे व्रण धुऊन अंग चोळून दिले. एकच आडनाव, एकच ज्ञाती, शिक्षणाचा वारसाही तोच. एका परचुऱ्यांस गांधींचे हात लागले आणि दुसऱ्या परचुऱ्यांचे नाव गांधींवर चाललेल्या पिस्तुलाशी जोडले गेले. त्या कुटीच्या उंबऱ्याशी आम्ही बराच वेळ बसलो. मालिशीचे ते चित्र आमच्या शालेय पुस्तकांत असावयास हवे होते, असे आम्हांस तेथे तीव्रतेने वाटले.

पुष्कळ वाचकांच्या घरी, आमच्या घरी तर नक्कीच, हा सर्व विषय बोलावयाचा नाही असा एक अलिखित नियम आहे. पंगतीत कोणी काढलाच तर वडीलधारे 'असो' म्हणून ताक मागतात. याचे मूळ १९४८ च्या फेब्रुवारीत आहे. मारेकरी ब्राह्मण आहे असे कळताच पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूंस ब्राह्मणांची घरे, वाडे, छापखाने जळाले. आमच्या जुन्या पिढीच्या बोलण्यात त्याला नाव एकच: 'जळीत'. मुंबईत डॉ. नारायणराव सावरकर दगडफेकीत जबर जखमी झाले व पुढच्या वर्षी वारले. ज्यांनी पिस्तूल पाहिलेही नव्हते अशा सहस्रावधी माणसांना आपली जात हाच पुरावा ठरल्याचा अनुभव आला. तो अन्यायच होता, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. परंतु त्या अन्यायाने एक विचित्र गोष्ट केली. आपले घर जळाले या दुःखाच्या आड, त्यापूर्वी बिर्ला भवनात काय झाले हे झाकले गेले. आणि झाकल्या जागी पुढे कोठे कोठे मारेकऱ्याविषयी चोरटी सहानुभूती उगवली. नातवंडे आता आपल्या हातातील यंत्रावर काहीबाही पाहून विचारतात की, आजोबा, त्याचेही काही म्हणणे होते ना? म्हणणे होते, आणि ते न्यायालयाने ऐकलेही. पण 'असो' या शब्दावर वाढलेल्या मुलांना आपण दुसरे काय सांगितले आहे?

तिसऱ्या दिवशी आम्ही पवनारास गेलो. धाम नदीच्या उंच काठावर विनोबांचा आश्रम आहे. मार्गशीर्षात नदीचे पात्र रोडावते, काळे खडक उघडे पडतात. पात्रातील छत्री दाखवून एका वृद्ध सेविकेने सांगितले की, १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अस्थी येथे विसर्जित झाल्या. दर वर्षी त्या दिवशी मेळा भरतो. विनोबा हे कोकणातील गागोद्याचे, भावे घराण्यातले, मारेकऱ्याच्याच पोटज्ञातीचे. मार्च १९४८ मध्ये नेहरू, राजेंद्रप्रसाद, मौलाना आझाद, कुमारप्पा आदी मंडळी सेवाग्रामास जमली. वास्तविक गांधीजींच्याच उपस्थितीत रचनात्मक कार्यकर्त्यांची ती बैठक व्हावयाची होती; ऑगस्ट १९४६ मध्ये त्यांनी आश्रम सोडला तो परत यावयाचे राहूनच गेले. त्या बैठकीत विनोबा जे बोलले त्याचा आशय असा होता की, जात मी केव्हाच टाकली आहे, तरी मी त्याच प्रांताचा आणि त्याच ज्ञातीचा आहे, याचा मला विसर पडू शकत नाही. महाराष्ट्रात जळिताची राख तेव्हा पुरती निवलीही नव्हती. जात हा पुरावा नव्हे असे म्हणावयाचा अधिकार सर्वांत अधिक ज्यांना होता, जन्मात ज्यांनी जातीचा कसलाही लाभ घेतला नव्हता, त्यांनी ते नाते आपण होऊन सांगितले. कोणी बाहेरच्याने ते आपल्यावर लादणे निराळे आणि आपण ते उचलणे निराळे. आम्ही आमच्या कुटुंबास हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "घरातल्या पोराने कोणाचे डोके फोडले तर बाप आधी त्या दारी जातोच की. पोरगा शहाणा की वेडा, ते मागाहून."

शेवटच्या दिवशी गोपुरीस जाऊन गीताई मंदिर पाहिले. मंदिर म्हणावयाचे, पण त्यास ना छप्पर ना मूर्ती. उघड्यावर उभ्या केलेल्या शिळांवर विनोबांच्या गीताईचे अठराही अध्याय कोरलेले आहेत. आम्ही सरळ अठराव्या अध्यायाकडे गेलो व सतरावा श्लोक शोधून काढला. ज्यास 'मी करतो' असा भाव नाही आणि ज्याची बुद्धी लिप्त होत नाही, त्याने हे सर्व लोक मारले तरी तो मारीत नाही व बद्ध होत नाही, असा त्याचा अर्थ. गोडसे फाशीच्या वेळी गीता हाती घेऊन गेला, असे प्रसिद्ध आहे. गीता गांधीजींच्याही नित्यपाठात होती. हा श्लोक वरवर वाचला तर भुलविणारा आहे, हे गांधीजींनी आपल्या 'अनासक्तियोगा'त मान्य केले असून, असा मनुष्य जगात पूर्णपणे कोठेही आढळत नाही, रेखागणितातील काल्पनिक आकृतीप्रमाणे तो केवळ विचारासाठी घ्यावयाचा, असा खुलासा केला आहे.

आम्ही शिळेवर बोट ठेवून अन्वय लावीत होतो, तो शाळेच्या सहलीतला एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा शेजारी येऊन उभा राहिला. काय शोधता, असे त्याने विचारले. आम्ही त्यास आधी 'यस्य' म्हणजे 'ज्याचा' आणि मग 'सः' म्हणजे 'तो' असे दाखवून, अट पुरी झाल्यावाचून पुढचे लागू होत नाही, असे सांगितले.

"आजोबा, मंग असा मानूस झाला का कोनी?"

आम्ही त्यास रेखागणितातील रेषा सांगितली. तिला लांबी असते, जाडी नसते. म्हणून ती मनात असते, कागदावर उतरत नाही. त्याने थोडा विचार केला, चपलेच्या टोकाने मातीत एक रेघ ओढली, वाकून तिची जाडी पाहिली, आणि बाईंनी शिट्टी वाजविताच बसकडे पळाला.